एकटी आई, घर आणि पावतीवरचं नाव



मागच्या पंधरवड्यात पॅकिंगच्या खर्चावरचा व्हिडिओ टाकला, त्यात मी सहज बोलून गेले की दुकानाच्या कमाईवर मी घर घेतलं. झालं. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या निम्म्या बायका खोके राहू दे म्हणतात आणि आधी घराचं विचारतात. त्यातल्या तिघी-चौघी माझ्यासारख्याच, मूल एकटीने वाढवणाऱ्या. "ताई, तुम्हाला कर्ज दिलं कसं?" हा एकच प्रश्न प्रत्येकीचा. गिऱ्हाईक उभं असताना अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: फणसवाडीत माझं खोके, पिशव्या, रिबन, लेबलं यांचं छोटं दुकान आहे. बालाजीच्या देवळाकडे जाताना लागतं. घरगुती फराळ, मसाले, चॉकलेटं, राख्या, दागिने करणाऱ्या बायका माझं मुख्य गिऱ्हाईक. बीबीए केलंय, दुकान सांभाळून धंद्याचं शिकवते. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. ती चार वर्षांची असताना, 2016 मध्ये, मी तिला घेऊन माहेरी परत आले. माहेर म्हणजे इथलीच चाळ, दहा बाय अठराची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही सगळ्या मला ईएमआय विचारता, व्याजदर विचारता, कोणत्या स्टेशनला स्वस्त मिळेल ते विचारता. माझं मत असं की हे सगळं नंतरचं. एकट्या बाईचं घर अडतं ते कागदावर. ती कमावते, पण कागदावर कमावत नाही. ती वर्षानुवर्षं एका खोलीत राहते, पण कागदावर तिथे राहत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. एक सुटलं, दुसरं अजून लोंबकळतंय.

आधी सुटलेलं सांगते.

2021 च्या सुरुवातीला मी एका बँकेत गेले. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. साहेब बसा म्हणाले, चहा सांगितला आणि पहिला प्रश्न, "मॅडम, को-अ‍ॅप्लिकंट कोण? मिस्टर?" मी म्हटलं, मिस्टर नाहीत, मीच आहे. मग आयटीआर मागितला. मी दिला. त्यात वर्षाचं उत्पन्न होतं 1 लाख 92 हजार.

हा आकडा कुठून आला ते समजून घ्या, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींचा असाच असणार. दुकानाची वर्षाची विक्री साधारण 24 लाख. तेव्हाच्या आयकर कायद्यात छोट्या धंद्यांसाठी कलम 44एडी होतं. सगळी पुस्तकं न लिहिता विक्रीच्या किमान 8 टक्के नफा दाखवला की चालतं, पैसे ऑनलाइन किंवा बँकेतून आले असतील तर त्या भागावर 6 टक्के. 24 लाखांचे 8 टक्के म्हणजे 1 लाख 92 हजार. आमच्या रिटर्न भरणाऱ्या काकांनी दरवर्षी तेवढंच टाकलं. का, तर "कशाला जास्त दाखवायचं?"

खरा नफा किती होता? गाळ्याचं भाडं, मुलाचा पगार, वीज, टेम्पो सगळं जाऊन पाच लाखांच्या जरा खाली. म्हणजे मी महिन्याला चाळीस हजार कमावत होते आणि सरकारी कागदावर सोळा हजार. बँक काय करणार? सोळा हजारांतले फार तर निम्मे ईएमआयला धरणार. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली आणि सांगितलं, दहा लाखांच्या वर जाणार नाही. दहा लाखांत मुंबईत काय येतं, ते मी काय सांगू तुम्हाला.

सगळ्यात चीड कशाची आली असेल, तर लपवून माझा एक रुपयासुद्धा वाचत नव्हता! तेव्हा करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर शून्यच होता. पुढे नव्या करपद्धतीत ती मर्यादा 2023-24 पासून सात लाख झाली, आणि 2025-26 पासून बारा लाख. म्हणजे आज तुमचा धंदा वर्षाला सहा, आठ, दहा लाख देत असेल आणि तुम्ही दोन लाख दाखवत असाल, तर वाचवताय काय? काहीच नाही. वर कर्जाची पात्रता घालवून बसताय. 8 टक्के हा कायद्याने सांगितलेला तळ आहे. त्याच्यावर जे खरं असेल ते लिहायला कायदा अडवत नाही.

मी घरी येऊन रडले बिडले नाही, कारण दुसऱ्या दिवशी लग्नसराईची ऑर्डर होती. पण त्या वर्षापासून तीन गोष्टी बदलल्या. गल्ल्यातली रोकड रोजच्या रोज बँकेत भरायला लागले. भिशी बंद करून त्याच रकमेची आरडी सुरू केली. भिशीला मी वाईट म्हणत नाही, माझं पहिलं कपाट भिशीतूनच आलं, पण भिशीत टाकलेला पैसा बँकेला दिसत नाही. आणि रिटर्नमध्ये खरा नफा टाकायला लागले. तीन वर्षांचे आकडे आले 4.6 लाख, 5.3 लाख, 6.1 लाख. पीपीएफ वगैरे वजा करून तिन्ही वर्षं कर शून्य. मधल्या काळात उद्यम नोंदणी केली, ती फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पाचशे रुपये देऊ नका.

2025 च्या सुरुवातीला दुसऱ्या बँकेत गेले. पुन्हा तोच प्रश्न, मिस्टर? पण या वेळी तीन वर्षांचे रिटर्न टेबलावर ठेवल्यावर तो प्रश्न दुसऱ्यांदा आला नाही. वीस लाख मंजूर, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षं. हप्ता 17 हजार 356. विरार पश्चिमेला जुन्या इमारतीतलं वन बीएचके साडेचोवीस लाखांत मिळालं.

इथे एक हिशेब नवीन बायका हमखास चुकवतात. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के कर्ज मिळू शकतं. "शकतं" लक्षात घ्या. मला साधारण 82 टक्के मिळालं. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचं ट्रान्सफर, वकील, दलाल. हे किमतीत धरत नाहीत, ते खिशातूनच. माझे साडेचार लाख भरायचे आणि वरचे जवळपास दोन, असे साडेसहा लाख लागले. त्यातले अडीच आरडीचे, दोन पाटल्यांचे, बाकी आईने कुठून आणले ते मी विचारलं नाही.

एक सूट मात्र घ्या. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क 1 टक्का कमी. माझे साडेचोवीस हजार वाचले. आधी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती 2023 मध्ये काढली. पण खरेदीखतात भावाचं किंवा वडिलांचं नाव "राहू दे आधाराला" म्हणून घातलं की सूट गेली. माझ्याकडेही मामा म्हणाले होते, एखाद्या पुरुषाचं नाव असू दे. मी म्हटलं, मामा, तुमच्या नावाची किंमत साडेचोवीस हजार आहे. हसले ते, पण पुन्हा बोलले नाहीत. (एकट्या बाबांनो, तुम्हीही वाचता हे मला माहीत आहे. ही सूट तुम्हाला नाही. बायको गेल्यावर दोन मुलं वाढवणारा शिंपी माझ्या दुकानात येतो, त्यालाही नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही.)

केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना, शहरी, दुसरा टप्पा, हीसुद्धा बघा. 2024 च्या सप्टेंबरपासूनच्या कर्जांना लागू आहे. वर्षाचं उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही तुमच्या किंवा कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर 4 टक्के व्याजाचं अनुदान, ते जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच वर्षांच्या हप्त्यांत. विधवा आणि एकट्या बायकांना प्राधान्य द्या, असं योजनेत लिहिलेलं आहे. मी अर्ज केलाय, पहिला हप्ता यायचाय. तोवर माझ्या हिशेबाच्या वहीत हे पैसे मी धरलेले नाहीत, तुम्हीही धरू नका.

आता म्हाडा. सगळ्यात जास्त प्रश्न म्हाडावर असतात, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: अर्ज जरूर भरा, पण त्याच्यावर आयुष्य थांबवू नका. मुंबई मंडळाच्या 2024 च्या सोडतीत घरं होती 2,030 आणि अर्ज एक लाखाच्या वर. एका घरामागे पन्नासहून जास्त माणसं. त्या 2,030 मध्ये अत्यल्प उत्पन्न गटाची, म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असलेल्यांची, घरं किती? 359. धंद्याच्या नियोजनात आपण लॉटरीचं बक्षीस उत्पन्न म्हणून लिहीत नाही. घराच्या नियोजनात का लिहायचं?

कोकण मंडळाची विरार-बोळिंजसारखी काही घरं सोडतीत न खपल्यामुळे प्रथम येणाऱ्याला प्राधान्य या पद्धतीने विकली गेली, ती वेगळी गोष्ट. तिथे नशीब लागत नाही, कागद लागतात. म्हणजे फिरून आपण तिथेच आलो.

कागदांवरून लालबागची एक ताई आठवते. मसाले करते, चांगला धंदा, माझ्याकडून महिन्याला हजारभर पाऊच नेते. नवरा नऊ वर्षांपूर्वी निघून गेला. मेला नाही, घटस्फोट नाही, फक्त नाही. म्हाडाचा ऑनलाइन फॉर्म भरायला ती माझ्या काउंटरवरच बसली. "विवाहित" टाकलं की नवऱ्याचं आधार आणि पॅन मागतात. "घटस्फोटित" टाकलं की कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत. तिच्याकडे दोन्ही नाही. ती मला म्हणाली, "मी कोण लिहू?" मी फॉर्म बंद केला आणि तिला चहा दिला, दुसरं काय करणार.

माझं इथे सरळ म्हणणं आहे. म्हाडाच्या सोडतीत आमदार-खासदारांना 2 टक्के राखीव आहेत, पत्रकारांना अडीच, कलाकारांना 2, म्हाडाच्या कर्मचाऱ्यांना 2. सगळ्यांचं भलं होवो. एकट्या आईसाठी प्रवर्ग नाही. प्रवर्ग जाऊ दे, नवरा सोडून गेलेल्या बाईला स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर अर्ज करता यावा, एवढी सोय सुद्धा तिला त्या दिवशी सापडली नाही. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं, असा नियम आपल्याच सरकारने केला. छान केलं, मला खरंच आनंद झाला. पण दाखल्यावर नाव आलेल्या आईला घराच्या अर्जात नवऱ्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर ते काम अर्धं राहिलं.

त्या ताईला मी वकिलाकडे पाठवलं. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ नवरा सोडून गेला असेल तर तेवढ्या कारणावर हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मागता येतो. तिला नको होता. "मुलीच्या लग्नात प्रश्न येईल" म्हणाली. मी तिला दोष देत नाही, मला स्वतःला तो कागद घ्यायला किती महिने लागले ते माहीत आहे. पण तुम्ही तिच्या जागी असाल तर सांगते, तो हुकूमनामा म्हणजे नुसता संसार मोडल्याचा दाखला नव्हे. बँकेत, म्हाडात, शाळेत, पासपोर्टला, प्रत्येक खिडकीवर तोच मागतात.

इथपर्यंत वाचून वाटेल, वा, हिने तर जमवलं. आता दुसरी बाजू ऐका. व्हिडिओत ही सांगितली नव्हती, त्याबद्दल सॉरी.

विरारच्या घराची चावी मिळाली त्या दिवशी मी आणि लेक दोघी गेलो. तिने आतल्या खोलीचं दार लावलं, उघडलं, परत लावलं. तेरा वर्षांत तिने स्वतःसाठी लावलेलं पहिलं दार. मी स्वयंपाकघरात उभी राहून मनात हिशेब करत होते. दुकान साडेदहाला उघडायचं, म्हणजे इथून आठला निघायचं. साडेआठला बंद, म्हणजे चर्नी रोडला पावणेनऊ, लोकल, मग स्टेशनहून रिक्षा, घरी यायला साडेदहा. लेकीची शाळा गिरगावात. ती दुपारी सुटल्यावर एकटी विरारला येणार? की शाळा बदलायची, आणि मग दुपारपासून रात्री साडेदहापर्यंत नव्या ठिकाणी बंद दाराआड एकटी राहणार?

चाळीत काय होतं? शाळेतून आली की आजी आहे. आजी देवळात गेली असेल तर समोरच्या काकू आहेत. ताप आला तर तळमजल्यावरचे दादा स्कूटरवरून डॉक्टरकडे नेतात आणि मला नंतर फोन करतात. गेली नऊ वर्षं मी दुकान चालवू शकले ते या गॅलरीच्या जिवावर. बाहेर पाळणाघराला आणि बाईला मिळून याचे महिन्याला किती झाले असते ते तुमच्या भागातल्या दराने काढा. मी काढले, आणि माझा हप्ता सतरा हजारांवरून पंचवीसवर गेला.

म्हणून मला या "परवडणारं घर" शब्दाचा राग येतो. दोन माणसं कमावणाऱ्या घरात एक लांब जाऊ शकतो, दुसरा मुलाजवळ थांबतो. एकट्या आईकडे दुसरं माणूस नाही. तिला घर जितकं लांब, तितकं ते महाग, पाटीवर भाव काहीही असो. योजना आखणारे चौरस फुटाचा दर बघतात. दुपारी साडेबाराला शाळा सुटल्यावर गेटवर कोण उभं राहणार, हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये मी पाहिला नाही.

मग मी काय केलं? सोमवार ते शनिवार आम्ही फणसवाडीत, आईजवळ. शनिवारी रात्री विरार, सोमवारी पहाटे परत. लेकीची दहावी होईपर्यंत असंच. लोक हसतात, "घर घेऊन रिकामं ठेवलंय, भाड्याने तरी दे." दिलं असतं. पण रविवारी ती त्या खोलीचं दार लावून चार तास आत बसते, काही करत नाही, नुसती बसते. ते भाड्यापेक्षा मला स्वस्त वाटतं. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा आहे, हे शिकवणारी बाई म्हणून मान्य करते.

आता राहिलेलं, लोंबकळणारं. आणि गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळीत राहणाऱ्या बायकांनी हे नीट वाचा, कारण विरारपेक्षा तुमचं खरं घर कदाचित इथेच आहे.

आमची खोली पागडीची. महिन्याचं भाडं आजही चारशेच्या आत. पावती अजून वडिलांच्या नावाने फाटते, आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली. इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आता चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. उपकरप्राप्त इमारतीत 33(7) खाली पुनर्विकास झाला तर पात्र भाडेकरूला नव्या इमारतीत किमान 300 चौरस फुटांचं घर मोफत आणि मालकी हक्काने मिळतं. 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते. आमच्या 180 चौरस फुटांचे 300, ते पण आत संडास, ते पण गिरगाव मेट्रो स्टेशनपासून चालत. एकट्या आईला याच्यापेक्षा परवडणारं घर मुंबईत दुसरं कुठलं दाखवता?

पण "पात्र भाडेकरू" म्हणजे कोण? ज्याचं नाव यादीत आहे तो. यादी पावतीवरून होते. पावतीवर मेलेल्या माणसाचं नाव असेल तर घरातले सगळे जागे होतात. आमच्याकडेही झाले. भाऊ बदलापूरला असतो, स्वतःचा फ्लॅट आहे, चांगला माणूस आहे, अडीअडचणीला धावतो. तो म्हणाला, "आईचं नाव लावू, आणि पुढे माझं. तुझं तर विरारला झालंय ना?"

बघा गंमत. कमावून घर घेतलं, तेच माझ्या अंगावर आलं. घेतलं नसतं तर बिचारी होते, हक्क मागता आला असता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्यात कलम 7 मध्ये भाडेकरू कोण याची व्याख्या आहे. निवासी जागेत भाडेकरू वारल्यावर, त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस आधी येतो. असं कुणी नसेल तर वारस. आणि आपसांत एकमत होत नसेल तर कोर्ट ठरवतं. मुंबईत ते काम लघुवाद न्यायालयाचं, धोबी तलावला, आमच्या चाळीतून चालत पंधरा मिनिटं. वडील गेले तेव्हा त्यांच्यासोबत आई होती, मी होते, माझी लेक होती. भाऊ बदलापूरला होता. पण हे सिद्ध कशाने करायचं? रेशनकार्ड, मतदार यादी, आधारचा पत्ता, मुलीच्या शाळेचा दाखला, गॅसचं पुस्तक. माझ्या आधारवर 2022 पर्यंत सासरचा पत्ता होता. बदलायला वेळच झाला नाही, लाज पण वाटत होती. शाळेच्या दाखल्यावर मात्र पहिल्या दिवसापासून फणसवाडी आहे. सध्या माझा सगळा भार त्या एका दाखल्यावर आहे.

तुम्ही माहेरी परत आलेल्या असाल तर आज, म्हणजे खरंच आजच, पत्ता बदला. मनात कितीही असलं की हे तात्पुरतं आहे. आणि पुनर्विकासाच्या वेळी कुणी "नुसती सही कर, फॉर्मॅलिटी आहे" म्हणून ना-हरकत किंवा हक्कसोड पुढे केला, तर चष्मा घरी राहिलाय म्हणा आणि कागद वकिलाकडे न्या. मला तो कागद गणपतीत आला होता, घरात सगळे बसलेले, मोदकांचं ताट मध्ये. मी सही केली नाही. त्या दिवशी भाऊ जेवला नाही आणि आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भावाशी भांडण लावा असं मी म्हणत नाहीये. मी आजही त्याला राखी बांधते. पण माझ्याकडे येणाऱ्या किती जणींनी असं ताटावर बसून सही केली आणि नंतर भाड्याच्या घरांतून मुलं ओढत फिरल्या, ते मी ऐकलंय.

सध्या ठरलंय एवढंच की पावतीवर आधी आईचं नाव लागू दे, त्याला भावाची हरकत नाही. अर्ज मालकाच्या ऑफिसात देऊन पाच महिने झाले. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, आईचं आधार, सगळं जोडलंय, पोच घेतली आहे. मेहताजी म्हणतात, शेठ गावाला आहेत. मागच्या महिन्यात पुन्हा वडिलांच्याच नावाची पावती आली. मी पैसे ऑनलाइन पाठवले, आईच्या खात्यातून, आणि शेऱ्यात खोली नंबर आणि आईचं पूर्ण नाव टाकलं. वकिलांनी तसं सांगितलंय.

पुढची पावती पाच तारखेला येईल. आई आजकाल गॅलरीतच बसते त्या दिवशी, चष्मा लावून.